मामाचा सूर, जरा खालचा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वारगेटला उभी होते. फोन ठेवला, नेहमीची बस आली म्हणून चढले, तिकीटही काढलं. मार्केट यार्ड आल्यावर लक्षात आलं, की मामाचं घर विश्रांतवाडीला, म्हणजे बरोबर उलट दिशेला आहे. त्याला आता काही आठवडे झाले, पण डोक्यातला गोंधळ गेलेला नाही… आणि तो नुसत्या दुःखाचा आहे, असंही मला म्हणता येत नाही.

अविनाशमामा सरकारी कचेरीत क्लार्क होता. गिटार त्याला कुणी शिकवली नाही. कॉलेजात असताना त्याने कुणाची तरी जुनी गिटार मिळवली आणि घरच्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून, थांबवून, मागे नेऊन तो एकेक सूर शोधत गेला. पुढे नोकरी, लग्न, बढती सगळं झालं, तरी संध्याकाळचा चहा झाला की तो गिटार घेऊन गॅलरीत बसायचाच. सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला गेले की शेजारी बसून ऐकायचे. मला बोलायला सुचायचं नाही आणि त्याला बोलायची गरज वाटायची नाही, त्यामुळे आमचं छान जमायचं. मामी आतून म्हणायची, "दोन मुके बरे भेटलेत एकमेकांना."

मोठेपणी मी गिटारच्या क्लासला जाऊ लागले. एकदा मामा आत गेला असताना मी फोनवरच्या ॲपने त्याची गिटार तपासली. सहाही तारा खाली होत्या, सगळ्या सारख्याच, जवळजवळ अर्ध्या सुराने. विचार करता करता उलगडा झाला. त्या टेपरेकॉर्डरचा बेल्ट सैल असणार. कॅसेट हळू फिरायची, गाणं खालच्या सुरात ऐकू यायचं आणि मामाने तेच खरं धरून गिटार लावली होती. जन्मभर. मी त्याला काही बोलले नाही. त्याला हे माहीत नाही, अशी माझी खात्री होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, मामाला आदरांजली वाहून झाल्यावर, विहारात पेटी वाजवणारे काका माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "तुझा मामा म्हणजे वल्ली. जयंतीच्या कार्यक्रमात माझ्या पेटीला तंतोतंत जुळवून वाजवायचा. कार्यक्रम संपला, की तिथेच बसून तारा परत सैल. मी म्हटलं, अरे, राहू दे की, बरोबर लागलीये. तर म्हणाला, तुमच्यासाठी बरोबर, घरी मला चालत नाही."

म्हणजे त्याला माहीत होतं. मग जे मी चूक समजत होते ते काय होतं? हट्ट, सवय, की त्या पहिल्या दिवसांशी काहीतरी… विचारायला आता तो नाही.

मामीने गिटार माझ्याकडे दिली. तारा गंजलेल्या होत्या आणि रोज थोड्या थोड्या उतरत होत्या. मामाच्या वाजवण्याचं एकही रेकॉर्डिंग नाही, करू का विचारलं, की म्हणायचा, "कशाला?" त्याचा सूर उरला होता तो त्या तारांत, आणि मी हात लावला नाही तरी तो जाणारच होता. बदलल्या तर नव्या तारा लावायच्या कशाला जुळवून? 'जवळजवळ अर्धा' म्हणजे नेमका किती, ते मी तेव्हा टिपून ठेवलं नव्हतं.

शेवटी गेल्या रविवारी नव्या तारा घालून मी गिटार विश्रांतवाडीला नेली. मामी मेथी निवडत होती. मी समोर बसून, फोन पुढ्यात ठेवून पहिली तार छेडत तिची खुंटी पिळायला लागले.

"फार वर गेली," मामी मान वर न करता म्हणाली.

"नाही गं, ॲपवर बघूनच लावतेय."

"खाली घे… अजून… आता फार झालं. जरा वर. हं, बास."

मामीने कधी गिटारला हात लावलेला मी पाहिला नव्हता. विचारलं, "तुला कसं कळलं?"

"कळायचंय काय त्यात? रोज कानावर पडत होतं."

फोनच्या पडद्यावर लाल रेघ होती. "पण हे चुकीचं दाखवतंय, मामी."

"असेल," ती मेथीची पुढची काडी उचलत म्हणाली. "तेच लाव."

मी फोन पालथा ठेवला आणि पुढची तार तिला ऐकवली.