किडनीतले पुठ्ठे

माझ्या वडिलांच्या किडन्या शुगरनं गेल्या आणि त्यांच्यामागे आमच्या भावकीनं निकालच देऊन टाकला: हे खानदानी आहे, याच्यापुढे कोणाचं चालत नाही. मला शुगर निघाली तेव्हा आता हिचा नंबर, असंच सगळे धरून चालले. मला तो निकाल कधीच पटला नाही. आंधळगावच्या विणकराची पोर आहे मी आणि संसारही हातमागावरच केला. धागा तुटला की कपाळाला हात लावून बसायची सवय आम्हाला नाही.

गेल्या वर्षी लघवीतून प्रथिनं जायला लागली म्हणून भंडाऱ्याला डॉक्टरांकडे गेले. तरुण होते, कागदावर चित्र काढून समजावत होते. शरीरात सगळीकडे जनुकं तीच असतात म्हणाले, पण कुठलं जनुक कधी चालू करायचं आणि कधी बंद, हे त्यांच्यावर येऊन बसणारी काही प्रथिनं ठरवतात.

"म्हंजे जकार्डचे पुठ्ठे," मी म्हटलं.

त्यांना जकार्ड ठाऊक नव्हतं. मग मीच शिकवलं. ताणा, म्हणजे उभे धागे, तोच असतो, पण मागाच्या डोक्यावरच्या पुठ्ठ्यांना जशी भोकं, तसे धागे उचलले जातात आणि काठावर तशी नक्षी येते. पुठ्ठा अडकला की तीच ओळ पुन्हा पुन्हा विणली जाते.

डॉक्टर खूश झाले. शुगर सतत चढलेली राहिली की किडनीतही तसंच होतं म्हणाले. सूज आणणारी जनुकं चालू करणारी प्रथिनं हटायचं नावच घेत नाहीत. सूज उतरत नाही, मग तिथे व्रण धरतात आणि रक्त गाळणारी जाळी बुजत जाते. त्या प्रथिनांनाच आवरणाऱ्या औषधांचा शोध अजून चालू आहे. तोवर शुगर आणि बीपी ताब्यात ठेवायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत. बुजलेलं बहुतेक परत येत नाही, पण उरलेलं वाचवता येतं.

"अन् खानदानी म्हंते ते?"

"घरातून धोका येतो, काकू. पण आला म्हणजे सगळं ठरलं, असं नाही."

हे मी घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मले सांगितलं ते ठीक. गावात नको सांगू. पोरीचं जमून राहिलं."

आमच्या एकुलत्या एका लेकीला पाहायला अड्याळहून पाहुणे येणार होते. खानदानी रोगाचं घर म्हटलं की स्थळ उंबऱ्यावरूनच परततं, हे मलाही कळत होतं. मी गप्प राहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

पाहुणे आले, त्यांना लेक आवडली. मुलाच्या आईनं ट्रेमधला चहाचा एक कप उचलून माझ्यापुढे धरला. "घ्या ना ताई, तोंड गोड करा."

"मले बिनसाखरेचा लागते."

"काहून? शुगर हाय का?"

"नाही, नाही," नवरा घाईनं म्हणाला, "उपास हाय तिचा."

"उपासाले तं साखरेचा चहा चालते!"

लेक दाराशी उभी होती. ती माझ्याकडेच पाहत होती.

"शुगर हाय मले," मी म्हटलं. "किडनीलेबी धक्का बसला. माहा बाप किडनीनंच गेला. औषध चालू हाय, अन् मी काही मरून नाही राहिली."

"आमच्याकडं असं काही नाही," त्या बाई म्हणाल्या.

"तपासलं का?"

पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले. गाडी वळली तसा नवरा माझ्यावर उसळला. "दोन घोटानं मरून गेली असती का?"

"घोटाचं नाही म्हंत मी. माहं दुखणं काय चोरीचा माल हाय लपवाले?"

भांडण रंगात आलं आणि खरं सांगायचं तर मीच जिंकत होते. तेवढ्यात लेक आमच्या मध्ये येऊन उभी राहिली. मोडलेल्या स्थळासाठी आता ही रडणार, असं मला वाटलं.

"आई," ती म्हणाली, "माही शुगर कधी तपासाची?"

भावकीशी, पाहुण्यांशी, नवऱ्याशी भांडले मी. पण जिच्या अंगात माझ्या बापाचं रक्त आहे, तिला एकदाही तपासायला नेलं नव्हतं. स्वतःसाठी कधी वाटली नव्हती एवढी भीती तेव्हा वाटली.

"उद्या सकाळी," मी म्हटलं. "उपाशीपोटी."