शेकल्याशिवाय वाजलेला डफ

आमच्या तालुक्याच्या गावातलं संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद झालं आणि पहिल्याच आठवड्यात तिथला एसी उतरवून टेम्पोत चढवला गेला. मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो. मनात पाल चुकचुकली. दुरुस्ती म्हणजे काहीतरी नवं बसवायचं असतं, इथे तर होतं तेच काढून नेत होते. हा एसी कोणाच्या बेडरूममध्ये लागणार, याचा अंदाज मी टपरीवाल्याला ऐकवूनही टाकला.

खरं तर एसीशी मला काही देणंघेणं नव्हतं. माझा जीव अडकला होता डफात. माझे वडील जयंतीला आणि एरवीही जानेफळपासून बीबीपर्यंत गावोगाव डफावर गाणी म्हणत फिरायचे. ते गेल्यावर घरच्या टिनपत्र्याखाली कातडं तडकून जाईल, या भीतीने मायने डफ संग्रहालयाला दिला. दिला खरा, पण तो भिंतीवर लागेपर्यंत माझ्या चपला झिजल्या. एका बाजूला जमीनदार घराण्याच्या तलवारी, दुसऱ्या बाजूला त्यांचीच पालखी, आणि मध्ये आमच्या बौद्ध वस्तीची ती एकुलती एक वस्तू. आता सगळंच कापडात गुंडाळून दुसऱ्या इमारतीत हलवलं होतं. तलवारी परत येतील याची मला खात्री होती. डफाची नव्हती.

काम पुण्याच्या एका तरुण आर्किटेक्ट बाईकडे होतं. मला काका म्हणायची. मी रोज जाऊन उलटसुलट विचारायचो, तरी वैतागायची नाही, आणि त्यामुळे तर माझा संशय अजूनच वाढायचा. तिचं म्हणणं असं की, दगडी भिंतींवर मागे कोणीतरी सिमेंट थापलं, त्यामुळे ओल आतच कोंडली आणि लोणा लागून भिंतींचे खारट पोपडे सुटले. ते खरवडून चुन्याचा गिलावा करायचा, बुजवलेले झरोके मोकळे करायचे, खिडक्यांना बाहेरून सावली द्यायची. दिव्यांपुरती वीज छतावरच्या सोलरमधून. एसी काय, साहेब आले की चालू आणि साहेब गेले की बंद. त्या गार-गरमनेच वस्तूंचं वाटोळं होतं म्हणे. छपराखाली तिने खामगावच्या जिनिंगमधली टाकाऊ रुई टाकणखार लावून गादीसारखी भरून घेतली. कापूस म्हणजे पेटायचा माल, असं मी म्हटल्यावर तिने त्यातला पुंजका काढून काडी लावून दाखवली. टाकणखारामुळे तो पेटला नाही, नुसता काळा पडला. दाखवायचा पुंजका वेगळा ठेवला असेल, असं मला वाटलं.

मग एक दिवस मी नकाशा बघितला. डफाच्या जागी झरोका होता. डफ कुठे जाणार, असं मी विचारलं.

"आतल्या खोलीत, काका. सगळ्यात चांगली भिंत त्याला दिलीय."

आतल्या खोलीत. आमच्या माणसांना आजवर कधी बाहेर, कधी मागे, कधी आत अशा जागा मिळाल्या, समोरची सहसा मिळाली नाही. मी घरी येऊन मायला सांगितलं. तिने तव्यावरची भाकर उलटली आणि संग्रहालय उघडेल त्या दिवशी मलाही ने, एवढंच म्हणाली.

उघडलं ते ऐन श्रावणात, झड लागलेली असताना. आमच्या घरात अंथरुणंसुद्धा दमट झाली होती, पण इथे आत पाय ठेवला तर हवा कोरडी आणि गार. आतल्या खोलीच्या भिंतीवर डफ एकटाच टांगला होता. मायने तो हातात मागितला. बाई क्षणभर घुटमळली, मग तिने तो काढून दिला. मायने कातड्यावर बोटं मारली. डफ खणखणीत वाजला, आणि मायचा चेहरा उतरला.

"हा आपला डफ नाही," ती मला हळूच म्हणाली. "झडीत शेकल्याबिगर हा कधी बोलला का? बदलला त्यायनं."

मला लगेच पटलं. पावसाळ्यात कातडं ढिलं पडायचं, आणि वडिलांचा कार्यक्रम असला की माय आधी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून त्या जाळावर डफ शेकून द्यायची. त्याशिवाय तो नुसता भदभद करायचा. खोटं कशाला सांगू, इतके महिने घेतलेला संशय खरा ठरला म्हणून मला एक प्रकारचं समाधानच वाटलं. मी बाईला सरळ विचारलं, आमचा डफ कुठे आहे. ती गोंधळली. तोच आहे काका, चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडते, म्हणून कातडं ढिलं पडत नाही, असं काहीतरी ती सांगू लागली. मी तिला पुरतं बोलू दिलं नाही.

तोवर मायने डफ उलटा केला होता. लाकडी कड्याच्या आतल्या बाजूला, वडील डाव्या हाताने धरायचे तिथे, घासून घासून एक खोलगट खाच पडलेली होती. मायने तिच्यात अंगठा ठेवला. तिचा अंगठा बारीक, खाच मोठी. मग तिने तो खाचेवरून हळूच फिरवला.

"त्याचाच हाय," ती म्हणाली.

मला रडू आलं. बाईकडे बघायची हिंमत होईना.

मग मायने डफ बाईच्या हातात दिला आणि तो नीट टांगला जाईपर्यंत तिथून हलली नाही. निघताना मात्र माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता याले माह्या जाळाची गरज नाही राह्यली."