पस्तीस मिनिटांची झोप

माझी मुलगी पाच महिन्यांची होती तेव्हा दिवसा ती पस्तीस मिनिटं झोपायची. तिला झोपवायला पाऊण तास लागायचा आणि मी केस विंचरायला घेतले की आतून रडणं सुरू. दिवसातून चार वेळा हेच. अर्धवट झोपेतून उठलेलं मूल कसं असतं, हे ज्याने ते दिवसभर कडेवर वागवलंय त्यालाच कळतं. दूध नको, खुळखुळा नको, खाली ठेवलेलं तर मुळीच नको.

म्हसरूळच्या आमच्या लहानशा फ्लॅटमध्ये यावर प्रत्येकाचं मत होतं. सासूबाई म्हणायच्या, "तुझं दूध पुरत नसेल." मुलीचं वजन उत्तम वाढत होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं, पण ते कुणी ऐकत नव्हतं. नवरा म्हणायचा, "तू टेन्शन घेतेस, ते तिला कळतं." शेजारच्या काकू तर बेल वाजवून विचारायच्या, "झोपली का गं बाळी?"

सासरे लासलगावच्या मार्केटात मापारी होते. कांदा मोजण्यात जन्म गेला. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले, पण आवाज लिलावातलाच राहिला. रोज अकराच्या सुमारास गावाकडून फोन यायचा आणि ते हॉलमध्ये उभे राहून विचारायचे, "काय भाव निघाला आज? लय पडला का?" मुलीची दुसरी झोप नेमकी त्याच वेळी. त्यातून ती वाचलीच, तर स्वयंपाकघरात चटणीचा मिक्सर लागायचा.

मी एकदा म्हटलं, "आई, ती झोपलेली असताना मिक्सर नको. आणि बेलवर एक कागद लावूया का?"

"आमची दोन्ही पोरं ट्रॅक्टरच्या आवाजात वाढली," सासूबाई म्हणाल्या. "आवाजाची सवय लागू दे तिला. आणि दारावर कागद काय लावायचा? लोक हसतील."

मी गप्प बसले. आजही त्या गप्प बसण्याचा मला राग येतो.

एका दुपारी मी इतकी थकले होते की ती झोपल्यावर उठलेच नाही, तिच्याकडे बघत शेजारी पडून राहिले. अर्ध्या तासानंतर तिचा श्वास बदलला. पापण्या थरथरल्या, हात एकदम वर उडाले आणि त्या दचक्याने तिचे डोळे उघडले. तिची झोप पूर्ण झालेली नव्हतीच. एक झोप संपून दुसरी लागायच्या आधी ती वर येत होती आणि परत आत जायची वाट तिला सापडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर जुनी चादर लावली, घड्याळ समोर ठेवलं आणि अठ्ठाविसाव्या मिनिटाला तिच्या छातीवर अलगद तळवा टेकवला. हात उडायला लागले तसे दुसऱ्या हाताने हलकेच धरले. ती कुरकुरली, ओठ हलवले आणि पुन्हा झोपली. एक तास दहा मिनिटं. मी तिथे बसून रडले. पुढचा आठवडाभर हेच केलं. बहुतेक वेळा जमायचं. नेमका त्याच मिनिटाला मिक्सर लागला की सगळं फुकट जायचं.

शनिवारी मला दाढ दाखवायला जायचं होतं. नवऱ्याला सगळं समजावून सांगितलं: किती मिनिटांनी, हात कुठे, किती वेळ. बाराला परत आले तर बेलवर कागद चिकटवलेला. "बाळ झोपले आहे. बेल वाजवू नये." अक्षर सासूबाईंचं. मी हळूच दार वाजवलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवूनच ते उघडलं.

"त्याने झोपवलंय. सव्वा तास झाला," त्या कुजबुजल्या. "बापाचा हात लागला की पोरं शांत झोपतात बघ."

टीव्ही बंद होता. सासरे फोनवर बोलायला खाली पार्किंगमध्ये गेले होते. चटणी खलबत्त्यात कुटली होती. नवरा शिऱ्याची बशी घेऊन टेबलाशी बसला होता. दमला होता ना बिचारा. मला बघून म्हणाला, "सोपं आहे गं. तू उगाच बाऊ करतेस."

मूल झोपलं होतं म्हणून मी आवाज चढवला नाही. म्हणाले, "आई, हा कागद मी मागच्याच महिन्यात मागितला होता. आणि छातीवर हात ठेवायचं याला कुणी शिकवलं, तेही विचारा."

नवरा बशीकडे बघत म्हणाला, "हिनेच सांगितलं."

सासूबाई खुर्चीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "माझ्या वेळी माझ्यासाठी कुणी भांडंसुद्धा हळू ठेवलं नाही."

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण राग त्याहून मोठा होता. "म्हणून माझ्यासाठीही ठेवायचं नाही का?" मी विचारलं.

त्या उठून आत गेल्या. सोमवारी मिक्सर नऊ वाजताच फिरला, मुलगी जागी असताना. कागद दारावर राहिला. सासरे अकराला फोन घेऊन आपणहून जिना उतरायला लागले. कुणी माफी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. दोन-अडीच महिन्यांत मुलगी माझ्या हाताशिवाय दीड तास झोपायला लागली.

परवा सटाण्याला नातेवाइकांकडे बारशाला गेलो होतो. तिथे सासूबाई कौतुकाने सांगत होत्या, त्यांच्या लेकाने पोरीला झोपायची सवय कशी लावली. मी जेवणाचं ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, "सवय मी लावली. त्याने एक शनिवार सांभाळली." नवऱ्याने होकारार्थी मान हलवली, पण सासूबाईंचा चेहरा उतरला. गाडीत कुणी फारसं बोललं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही.