घरी बसायची ड्यूटी

हरवलेली माणसं शोधणाऱ्या एका टोळीत मी नाव नोंदवून आलो, तेव्हा बायको म्हणाली, "स्वतःचा चष्मा सापडत नाही तुम्हाला, माणसं कुठली शोधताय!" मुलगा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "पापा, पहले आप ही खो जाओगे." त्याचंही अगदीच चूक नव्हतं. चंदीगडचे रस्ते पट्टीनं आखलेले, तरी दुसऱ्याच सेक्टरमधल्या हुबेहूब आमच्यासारख्या क्वार्टरची बेल मी दोनदा वाजवलेली आहे.

जानेवारीत, धुक्यात, माझ्या ऑफिसातल्या एका मराठी सहकाऱ्याचे वडील पहाटे घरातून निघून गेले. विसरायचा आजार. अंगात नुसता सदरा. सून दूध आणायला गेली होती आणि बाहेरून कडी घालायची राहिली होती.

मी नवे बूट घालून, टॉर्च घेऊन, जय्यत तयारीनं पोचलो. आमचे प्रमुख म्हणजे निवृत्त सुभेदार, सरदारजी. त्यांनी आधी माझ्या पोटाकडे, मग गुडघ्याच्या पट्ट्याकडे पाहिलं.

"आप घर पे बैठोगे जी. बुजुर्ग खुद लौट आए तो कोई होना चाहिए. और घर एक बार फिर देख लेना. कई बार घर में ही मिल जाते हैं."

सगळे, माझ्या त्या सहकाऱ्यासकट, जंगलाच्या बाजूला गेले. मी आणि सून, दोघंच उरलो.

मी घर शोधलं. परक्याच्या घरातली कपाटं उघडताना संकोच वाटत होता, पण उघडली. दिवाणातल्या रजया उपसल्या, बाल्कनीतल्या कूलरमागे पाहिलं. पलंगाखाली शिरलो आणि पोट अडकलं. सुनेनं पाय धरून मला ओढून काढलं. एरवी हा किस्सा मी महिनाभर रंगवून सांगितला असता. तेव्हा ती हसली नाही, मीही नाही. तिनं पोहे केले. मी खाल्ले. परत वाढले, तेही खाल्ले. चव कशी होती, आठवत नाही.

"भाऊजी, एवढ्या थंडीत माणूस किती वेळ तग धरतो हो?"

"गुरुद्वारात जाऊन बसले असतील बघा, लंगरमध्ये."

"तसं असेल तर उठायचे नाहीत. पंगत म्हटली की बाबांना बाकी काही सुचत नाही." मग माझी ताटली उचलत, "रोज घालते हो कडी. आजच शेजारीण बोलत उभी राहिली."

मी काहीतरी म्हणालो असेन. बहुतेक "होतं असं."

दुपार सरली. धुकं उठलंच नाही. माझा फोन वाजला, तेव्हा ती स्वयंपाकघरात होती.

"मिल गए," सरदारजी म्हणाले. "नाले के पास. नहीं रहे जी. बेटे से बोला नहीं जा रहा. आप बता दो. पहले बिठाना उनको."

मी आत गेलो. ती कुकर लावत होती. बाबांना दात नाहीत, आले की मऊ भात लागेल म्हणून.

"वहिनी, जरा बसता का?"

"दोन शिट्ट्या होऊ द्या, भाऊजी."

मी उभा राहिलो. खरंच वाट पाहिली. एक शिट्टी झाली. दुसरी होईना. शेवटी मीच हात पुढे करून गॅस बंद केला.

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.

"कुठे?"

"ओढ्याजवळ."

"पडले होते, की बसलेले होते?"

हे मी सरदारजींना विचारलंच नव्हतं.

"बसलेले होते," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि ओट्याला टेकून खाली बसली. गुडघा दुमडत नव्हता, तरी मीही तिथेच फरशीवर बसलो. तिचा नवरा येईपर्यंत आम्ही तिथेच होतो.