सव्वा मूठ गहू

नरडाण्याच्या मंजुळाबाईंकडे अमेरिकेचं ग्रीन कार्ड होतं. मुलगा प्रेमराज न्यू जर्सीत स्थायिक झाला, तिथला नागरिक झाला, आणि वडील वारल्यावर त्याने हौसेने आईचं कार्ड काढून दिलं. पण कार्ड टिकवायचं तर वर्षातला बराचसा काळ तिथेच राहायला हवं. तिथे राहिलं की उन्हाळ्यातल्या बिबड्या बुडत. ज्वारीच्या त्या पापडांसाठी धुळ्यापर्यंतची गिऱ्हाईकं बाईंची वाट पाहत.

गेल्या खेपेला विमानतळावरच्या अधिकाऱ्याने दुभाष्याकरवी विचारलं, ‘‘राहता कुठे?’’ ‘न्यू जर्सी’ म्हणायचं असं प्रेमराजने चारदा पढवलं होतं. बाई सहज बोलून गेल्या, ‘‘नरडाणा.’’ अधिकाऱ्याने समज देऊन सोडलं. बाईंच्या मनात मात्र त्याच क्षणी निकाल लागला. कार्ड आपणहून परत करायचं आणि पुढे पाहुण्यांचा व्हिसा काढून जायचं. पुतणी दिपमालाने अर्ज भरून दिला. सही तेवढी राहिली होती.

शेजारच्या भिकुबाईंनी ऐकलं आणि हबकल्या. ‘‘कार्ड सोडी देशी? मंग धान्य कथाईन लेशी, अक्का?’’

‘‘रेशनचं नही वं माय, अमेरिकानं!’’

खरी अडचण प्रेमराजची होती. आठ दिवस तो फोनवर घुम्यासारखा बोलत होता. श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजायला बाई सुपापुढे बसल्या, तेव्हा त्याचा व्हिडिओ कॉल आला. घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू घ्यायचे, ही रीत. दिपमालाने फोन सुपाकडे धरला.

‘‘आई, कार्ड सोडशी म्हंजे आम्हले बी सोडशी का?’’ प्रेमराजने विचारलं.

बाईंनी मूठ भरली. ‘‘ही कोनी मूठ शे?’’

‘‘मन्ही.’’

‘‘तू तठला नागरिक हुई ग्या. आठला, भारतना पासपोर्ट दी टाका. मंग तुन्ही मूठ बंद करू का?’’

‘‘तसं कसं, आई?’’

‘‘मंग मन्हं कार्ड गयं म्हनीसन तुना घरमा मन्ही थाळी बंद होई का?’’

पलीकडे प्रेमराज हसला, नाक ओढत हसला. ‘‘थाळी काय बंद होई! पन मोकळा हाते येऊ नको. बिबड्या लई ये.’’

बाईंनी त्याची सव्वा मूठ सुपात टाकली, हात पदराला पुसले आणि दिपमालाकडून पेन मागून घेतलं. सही ठसठशीत मराठीत केली.

कानबाईचं विसर्जन झाल्यावर मंगळवारी अर्ज आणि कार्ड पाकिटात घालून त्या धुळ्याला गेल्या. कुरिअरवाल्याने पाकीट उलटसुलट पाहिलं. ‘‘मावशी, आत काही मौल्यवान?’’

‘‘होतं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘ते राहू दे. मला सांग, बिबड्या अमेरिकेला न मोडता पोहोचतात का? मी जाईपर्यंत पोराला दम निघायचा नाही.’’