घरातले दोन राईट आऊट

पाणी माझ्या गळ्याला लागलं होतं, डावा पाय टेंपोच्या फाळक्याखाली अडकला होता, आणि माझा नवरा आणि धाकटा दीर माझ्या डोक्याशी उभे राहून दोघांत जास्त जोरात कोण पळतं यावर भांडत होते.

"पाण्याची मोटर बंद कराय मी जातो," दीर म्हणाला. "अण्णा, तू थांब. तुझं गुडघं गेल्यात."

"माझं गुडघं काढतोस व्हय रं? गेल्या मॅचला अर्ध्या टायमातच जीभ बाहेर आलती तुझी. बघितलंय मी."

"ते उन्हानं."

"आणि आमच्या वेळी ऊन नव्हतं? आमी मांडवात खेळत हुतो?"

मी म्हणाले, "अवो, दोघंबी जावा. पर जावा!" 'जावा' म्हणताना तोंडात पाणी गेलं. गढूळ, शेणखताच्या चवीचं. मग ते सुटले. दीर डाव्या हाताला, नवरा उजव्या हाताला, कारण उजवी बाजू सोडायची त्याला सवयच नव्हती.

हे कसं झालं ते सांगते.

आमचं गाव बेळगावच्या दक्षिणेला, पिरनवाडीच्याही पुढं. गावात फुटबॉलचं वेड होतं. आधीच्या पिढीतली माणसं कॅम्पात कामाला जायची, तिथल्या पलटणीचा खेळ बघायची आणि फाटके बॉल घरी आणायची. त्यातून गावाची टीम उभी राहिली. लग्न ठरवताना मला सांगितलं होतं, मुलगा राईट आऊट आहे. मी चौथी शिकलेली. मला वाटलं रेल्वेत काहीतरी असेल. लग्नानंतर कळलं की राईट आऊट म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेनं बॉल घेऊन पळायचं आणि शेवटाला तो मधल्या गड्याला द्यायचा. मग तो गोल मारतो. पगार नसतो.

सत्तरनंतरची सात-आठ वर्षं नवरा गावाचा हिरो होता. अनवाणी खेळायचा. मैदान म्हणजे भात कापलेलं रान, त्यात भाताची खुंटं तशीच. प्रत्येक मॅचनंतर त्याच्या अंगठ्याचं नख निम्मं असायचं आणि मी हळद-चुना लावत बसायची. बॉल चामड्याचा, पावसात भिजला की दुधी भोपळ्यासारखा जड. त्याची नाडी कपाळाला लागली की कपाळ फुटायचं. नवरा पळायचा मात्र खरंच. रेघ धरून सरळ, खाली मान घालून. अडचण एवढीच की रेघ संपली तरी थांबायचा नाही. एकदा तो बॉलसकट चहाच्या गाड्यात गेला. चहावाल्यानं सांगितलं की बॉल आधी आला असता तर त्यानं गाडा तरी सरकवला असता.

ऐंशीच्या आसपास दीर वर आला. नवऱ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्याला बूट होते, गुडघ्यापर्यंत मोजे होते, आणि केस असे होते की बॉल डोक्यानं मारताना तो आधी केस बाजूला करायचा. मोजे मी धुवायची. दीर पळायचा कमी, फसवायचा जास्त. एकाला चुकवला, दुसऱ्याला चुकवला, तिसऱ्याला चुकवला, मग परत मागं येऊन पहिल्याला पुन्हा चुकवायचा, कारण तो पडून उठला होता आणि त्याला वाईट वाटू नये. तोवर मधला गडी गोलासमोर उभा राहून कंटाळायचा.

रोज संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर हाच विषय. मोठा चांगला का धाकटा चांगला? पारावरची म्हातारी माणसं मोठ्याच्या बाजूनं, कॉलेजातली पोरं धाकट्याच्या. नवरा म्हणायचा, "ह्याला आमच्या बॉलनं खेळायला लावा, दुसऱ्या दिवशी न्हाणीपतोर चालत जाणार न्हाय." दीर म्हणायचा, "अण्णा, तू पळत हुतास ते बरूबर हाय. पर कुठं पळत हुतास ते कुणाला ठावं हुतं?" दोघं जेवताना बोलायचे नाहीत, भाकरी मात्र एकमेकांच्या मोजायचे.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. राईट आऊट म्हणजे पंगतीतला वाढपी. त्यानं वाढायचं असतं. हे दोघेही पातेलं घेऊन स्वतःच जेवायला बसणारे. मोठा पातेलं घेऊन पळून जायचा आणि धाकटा पातेलं सगळ्यांना दाखवून परत आणायचा. पण गावाला पळणं आणि फसवणं दिसतं, वाढणं दिसत नाही.

तर हे झालं त्या वर्षी टीम निपाणीला फायनलला गेली. मॅच चार वाजता. सासूची बहीण बोरगावला असते, आणि टेंपो निपाणीपर्यंत जातोच आहे तर पुढं बोरगावला आम्हाला सोडावं, असं सासूनं ठरवलं. ठरवलं म्हणजे सकाळी येऊन टेंपोत बसली. तिला उतरवायची कुणाची छाती नव्हती. तिच्या सोबतीला मी, आणि आमच्यासोबत भाकऱ्यांचं गाठोडं आणि बहिणीसाठी नवी कोरी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, परात. मागं टीम, पुढं ड्रायव्हर. नवरा आता खेळत नव्हता, पण सल्ला द्यायला आला होता. सल्ला कुणी मागितला नव्हता.

निपाणी गेली, बोरगावची वाट लागली. दोन्ही बाजूला ऊस. मागं तोच विषय पेटला. आवाज चढले. दीर म्हणाला, "ड्रायव्हरला इचारा! त्यानं दोघांचाबी खेळ बघितलाय."

ड्रायव्हर आमच्याच गावचा. केबिनच्या मागच्या छोट्या खिडकीतून सगळं ऐकत होता. अठरा माणसांनी खिडकीकडं कान लावले. ड्रायव्हर म्हणाला, "खरं सांगू का?" आणि सांगायला मागं वळला.

रस्ता पण तिथंच वळला होता.

टेंपो जोरात पडला नाही. म्हैस बसते तसा आधी पुढचा गुडघा टेकला, मग सावकाश कुशीवर झाला. माणसं उसात सांडली. उसात पडलं की खरचटतं, मरत नाही. मी कडेला बसले होते, ती उसाला पाणी नेणाऱ्या पाटात पडले, आणि बाजूचा फाळका माझ्या पायावर आला. खाली चिखल मऊ होता म्हणून हाड राहिलं. पण पाय निघेना. आणि टेंपो पाटात आडवा पडल्यामुळं पाटाला बांध घातल्यासारखं झालं. वरून मोटरीचं पाणी येतंय, पुढं जायला वाट नाही. ते माझ्याभोवती साठायला लागलं. आधी कमरेला, मग छातीला.

टीमनं टेंपो उचलायचं ठरवलं. कॅप्टन म्हणाला, "एक, दोन, तीन!" निम्म्यांनी दोनला उचलला, निम्म्यांनी तीनला. टेंपो वर गेला आणि माझ्या पायावर परत बसला. मी काय ओरडले ते इथं लिहीत नाही. दुसऱ्यांदाही तेच. मग कुणीतरी म्हणालं, मोटर बंद करायला पाहिजे, मोटरीची खोली पुढं दिसतीया, पळत जा कुणीतरी. आणि कोण पळणार यावरून माझ्या डोक्याशी ते भांडण सुरू झालं, जे मी आधी सांगितलं.

दोघं पळाले तेव्हा पाणी माझ्या खालच्या ओठाला आलं. मी मान वर करून आभाळाकडं बघत होते. अशा वेळी देव आठवतो म्हणतात. मला आठवलं की लेक शेजारणीकडं आहे आणि शेजारीण तिला तिखट जेवायला घालते. मग नाकात पाणी गेलं आणि तेही आठवेना. टीम अजून टेंपोला धरून उभी होती आणि कॅप्टन विचारत होता, "आता दोनला का तीनला, ते आधी ठरवा."

तेवढ्यात उसातून सासू बाहेर आली. डोक्यावरचा पदर गेलेला, केसांत पाचट, हातात परात. तिनं मला बघितलं, टेंपोला बघितलं, टीमला बघितलं.

"मुडद्यांनो, काय करतायसा?"

"आये, मोटर बंद कराय गेल्यात दोघं."

"मोटर कशाला? पाट फोडा की!"

सगळ्यांच्या घरी शेती. पाट फोडला की पाणी रानात जातं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. एकालाही सुचलं नव्हतं. सासू खाली बसली आणि परातीनं पाटाची कड उकरायला लागली. चार-पाच घमेली माती तिनं एकटीनं काढली असेल. मग टीमला जाग आली आणि बाकीचे हातानं उकरायला लागले. कड फुटली. पाणी एकदम 'भस्स' करून उसात गेलं. माझ्या हनुवटीवरून, गळ्यावरून, छातीवरून उतरलं. मी श्वास घेतला आणि खोकत राहिले. सासू म्हणाली, "खोक, खोक. समदं काढ भाईर." मग तिनंच माझ्या पायाखालचा चिखल परातीनं ओढून काढला आणि पाय मोकळा केला. घोटा फणसाएवढा सुजला होता. तिनं तो दाबून बघितला आणि सांगितलं, "मोडल्याला न्हाय. उगं बोंबलू नको." परात मात्र वाकडी झाली होती. तिचं तिला जास्त वाईट वाटलं.

पळणारे दोघं अजून आले नव्हते.

थोड्या वेळानं काठी टेकत एक म्हातारा आला. मोटरीच्या खोलीवरचा राखणदार. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलत होता. त्यानं सांगितलं ते असं. तो खोलीच्या दारात तंबाखू मळत बसला होता. दोन माणसं जीव खाऊन पळत आली. त्याला वाटलं आपल्याकडंच येतायत, म्हणून उठून उभा राहिला. ती त्याच्यासमोरून तशीच पुढं गेली. तो ओरडला, "निल्लरी, निल्लरी! थांबा की वो!" थांबले नाहीत. त्याला वाटलं पुढचा चोर आहे आणि मागचा त्याला धरतोय. पण कोण पुढं आणि कोण मागं हे सारखं बदलत होतं, तेव्हा चोर कोण ते त्याला ठरवता येईना. काहीतरी इपरीत घडलंय एवढं त्याला कळलं, म्हणून त्यानं मोटर बंद केली आणि चालत आमच्याकडं आला.

दोघांनाही खोली दिसली होती. पण आधी थांबेल तो हरला. म्हणून कुणीच थांबलं नाही.

ते परत आले ते एका दूधवाल्याच्या सायकलवर. नवरा पुढच्या दांडीवर, दीर मागं कॅरेजवर. नवऱ्याच्या पोटात कळ आली होती आणि दिराच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. दूधवाल्याचा चेहरा बघवत नव्हता.

मी पाटाच्या कडेला बसले होते. दिरानं मला बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "वैनी, पाणी कवा थांबलं? मी खोलीम्होरनं गेलो तवा का अण्णा गेला तवा?"

मी म्हणाले, "तुमची आई आली तवा."

नवरा सायकलवरून उतरला. माझ्याजवळ बसला, माझा पाय हातात घेऊन बघितला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "खोलीपतोर मी म्होरं हुतो. तुला म्हणून सांगतो."

राखणदारानं ट्रॅक्टर बोलावला आणि टेंपो उभा केला. ड्रायव्हरचे पुढचे दोन दात गेले होते. सगळे त्याच्याभोवती जमले. त्याला काय खरं सांगायचं होतं, ते आता तरी सांग म्हणून. तो तोंडाला रुमाल लावून रडकुंडीला आला. शेवटी म्हणाला, "मी म्हणणार हुतो, गोलकीपर लई चांगला हाय." गोलकीपर त्याचा मेव्हणा.

आम्हाला बोरगावला सोडून टीम मॅचला गेली. दिराला पळता येत नव्हतं. दुसऱ्या अर्ध्यात त्याच्या जागी नवऱ्याला उतरवलं, लोकांच्या बुटांत. पोटातली कळ गेली नव्हती. तीन गोलांनी हरलो. पुढं कितीतरी वर्षं गावात सांगायचे की वैनी पाटात पडली म्हणून कप गेला. मी तोंडावर सांगायची की कप गेला तर गेला, मी गेले असते तर तुमचे मोजे कुणी धुतले असते? विषय परत मोठा चांगला का धाकटा चांगला, इथं यायचा.

त्या टेंपोत ड्रायव्हर धरून एकोणीस माणसं होती. त्या दिवशी एकोणीसही जिवंत राहिली. त्यानंतर सासू बरीच वर्षं जगून म्हातारपणानं गेली. ड्रायव्हर गेला. नवरा झोपेत गेला. दिराचे दोन्ही गुडघे बदललेत, तो पिरनवाडीत लेकाकडं असतो. टेंपोतल्या आमच्या घरच्यांपैकी आता तो आहे आणि मी आहे.