सातव्या कलालीचे चार आणे

१९७८ सालचा डिसेंबर, दुसरा रविवार, सकाळचे साडेआठ. दर माणशी एक रुपया पंचाहत्तर पैसे. हजर माणसं पाच: नागपूरहून आलेले दोन प्राध्यापक, त्यांच्यातल्या एकाची बायको, गावातला एक धान्याचा व्यापारी आणि मी. सहावे जमादार. त्यांनी पैसे आधीच गोळा केले, नाणी दोनदा मोजली, खाकी कोटाच्या खिशात टाकली आणि काठी दोनदा जमिनीवर आपटून म्हणाले,

“उभ्यानंच आयका, राजेहो. बसाची जागा नाही हे. इथं बसला तो लवकर उठला नाही.”

सगळे हसले. मीही हसलो असेन. पण त्या दिवशी मी हसायला गेलो नव्हतो, मोजायला गेलो होतो.

तुमच्या गावातही असा एखादा माणूस असेल, ज्याच्याबद्दल गावाला थोडी लाज आणि पाहुण्यांना फार कौतुक असतं. आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या काठचं. परकोट आहे, घाट आहेत. देवळं किती आहेत ते मी मोजलं आहे, पण तो आकडा इथे कामाचा नाही. टेकडीवर उत्खनन झालं तेव्हापासून बाहेरची माणसं गाव पाहायला येऊ लागली. ती बसमधून उतरली की जमादार पुढे होत आणि म्हणत, “देवळं कुठं पळून नाही जात. आंधी कलाल्या पाहून घ्या.”

कलाली म्हणजे दारूचं जुनं दुकान. दारूबंदीच्या आधी गावात ती बरीच होती. आता कुठे कापडाचं दुकान, कुठे गोठा, कुठे नुसती भिंत. ती भिंत दाखवून जमादार अर्धा तास बोलत.

ते खरं तर जमादार नव्हते. आबकारी खात्यात शिपाई म्हणून लागले आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी खात्याने पट्टा आणि पितळी बिल्ला परत घेतला. कोट जुना म्हणून राहू दिला. कोटावर डाव्या बाजूला, बिल्ल्याच्या जागी, दोन भोकं राहिली होती. बोलताना त्यांचं बोट त्या भोकांवर जाई.

नगर परिषदेने पाहुण्यांसाठी एक अधिकृत वाटाड्या नेमायचं ठरवलं. पगार नाही, फक्त पितळेचा बिल्ला. जमादारांनी पहिल्याच दिवशी अर्ज टाकला. मी तिथे बाबू होतो, म्हणून चौकशी माझ्याकडे आली.

“पैसे नको, बाबूजी,” ते माझ्या टेबलापाशी उभे राहून म्हणाले, “बिल्ला पाहिजे. बिल्ल्याबिगर हिंडला तर लोकं म्हणतात, म्हातारा भटकून राहिला. बिल्ला लावून हिंडला तर म्हणतात, ड्युटीवर आहे.”

अर्जात त्यांनी लिहिलं होतं: जुन्या कलाल्या एकूण सात. कचेरीतल्या जुन्या कागदातही सातच होत्या. जागा लिहिलेल्या नव्हत्या, आकडा होता. म्हणजे माझं काम सोपं होतं. त्यांच्याबरोबर फिरायचं, सात मोजायच्या, सही करायची. तपासणीला आलो म्हणून फुकट फिरणं मला पटत नव्हतं, म्हणून मीही एक पंचाहत्तर दिले. एका कलालीचे चार आणे, सातांचे एवढे होतात.

माहिती सांगण्याची त्यांची पद्धत माझा जीव खाई.

“ही कोणत्या सालची?” मी विचारी.

“मोठा पूर आला ना, त्याच्या आंधीची.”

“कोणता मोठा पूर?”

“ज्याच्यात ही वाहून नाही गेली तो.”

“आत माणसं किती बसत?”

“ते बसणाऱ्यावर आहे, जी.”

प्राध्यापकांच्या बायकोने त्यांना विचारलं, तुम्ही कधी चाखली का? जमादार गंभीर झाले. “चाखाचीच तर नोकरी होती, बाई. साहेब म्हणे, पाणी टाकलं का पाहा. जिभेवर ठेवाची अन् थुकाची. तीस वर्षं थुकली. गिळली नाही एक थेंब.”

गोष्टी सांगत, पण नाव कधी घेत नसत. सगळ्या गोष्टींत “एक माणूस”. एक माणूस बैल बांधून आत गेला आणि बाहेर येऊन दुसऱ्याचे बैल जुंपून घरी गेला. एक माणूस नशेत रोज किल्ल्याच्या दरवाजाला सलाम करी. त्या रविवारी दुसऱ्या कलालीपाशी मात्र ते दोन वाक्यांत आटोपले आणि “पुढं चला, इथलं झालं” म्हणाले. धान्याचा व्यापारी तोवर जमिनीकडे पाहत होता. हे मी टिपलं नाही. मी फक्त लिहिलं: क्रमांक दोन, माहिती अपुरी.

पाचवीनंतर त्यांनी आम्हाला घाटाच्या बाजूने वळसा घालून सहावीला नेलं. शाळेमागच्या बोळीतून सरळ गेलं असतं तर जवळ पडलं असतं. मी पावलं मोजत होतो. वळशाने तीनशे चाळीस पावलं जास्त झाली. तेही लिहिलं.

सहावीपाशी त्यांनी काठी आपटली, गोष्ट सांगितली, आणि मग खिशात हात घालून प्रत्येकाच्या हातावर पंचवीस पैशांचं एकेक नाणं ठेवलं. “सहाच झाल्या आज. सातवीचे परत.”

“सातवी कुठे आहे?” मी विचारलं.

“पडली असंल, बाबूजी.”

“पडली असेल तर पडलेली जागा दाखवा.”

“जागा काय, जागेवरच आहे.” आणि ते चालू लागले.

त्या हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर चार वेळा फिरलो. चारही वेळा पाहुणे वेगळे, कोट तोच, वळसा तोच. चारही वेळा सहा. चारही वेळा चार आणे परत. एकदा तर मी रस्त्यातच त्यांच्यावर ओरडलो.

“दारूबंदी लागली तेव्हा मोहर कोणी लावली?”

“म्या लावली. सातही दारांले लाखेची मोहर म्या लावली.”

“मग सात दारं आठवतात आणि सात जागा आठवत नाहीत?”

“वय झालं, जी.”

“बिल्ला पाहिजे ना तुम्हाला?”

त्यांचं बोट कोटाच्या भोकांवर गेलं. “पाहिजे ना.”

“मग दाखवा.”

ते नदीकडे पाहत उभे राहिले. मी गावातल्या चार म्हाताऱ्यांनाही विचारलं. त्यांनीही नदीकडेच पाहिलं. इतक्या माणसांना एकाच वेळी नदीत काय दिसतं, ते मला कळेना. चिडून मी अहवाल लिहिला: सांगितलेल्या सात, दाखवलेल्या सहा, रस्ता विनाकारण लांबवतात, साल सांगता येत नाही, माहिती विश्वसनीय नाही. अर्ज नामंजूर झाला. कागद त्यांच्या हातात मीच दिला. त्यांनी तो वाचून घेतला, घडी केली आणि म्हणाले, “बरोबर लिवलं, बाबूजी. आकड्यात तुमची चूक नाही.”

त्यानंतर दोनेक महिन्यांनी माझा मेव्हणा पहिल्यांदाच आमच्या गावी आला. दुपारच्या बसने उतरला, मी कचेरीत होतो. जमादारांनी त्याला स्टँडवरच गाठलं. संध्याकाळी चहा घेताना तो हसत सांगू लागला, “भाऊजी, काय माणूस आहे तुमच्या गावात! एक पंचाहत्तर वसूल झाले.”

“चार आणे परत दिले असतील.”

“नाही. सातही दाखवल्या.”

मी कप खाली ठेवला. “सातवी कुठे?”

“शाळेमागे बोळ आहे ना, पिठाची चक्की आहे तिथे. सगळ्यात चांगली गोष्ट तिथलीच. म्हणे, एक माणूस दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, मागच्या दाराने यायचा. धुतलेलं धोतर, हातात छत्री. उजव्या खिशात चिंचोके. एक ग्लास झाला की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्यात. चार झाले की उठायचा. पाचवा कधीच नाही. जमादार म्हणाला, हिशेबाचा इतका पक्का माणूस म्या पाहिला नाही; चौथ्यानंतर उठता येत नव्हतं, पण उठायचा जरूर.”

बायको हसली. मी हसलो नाही.

माझे वडील गावच्या शाळेत गुरुजी होते. पहिलीच्या पोरांना ते चिंचोक्यांवर मोजणी शिकवत. मीही त्याच चिंचोक्यांवर शिकलो. दोन्ही खिशांत ते असत आणि मी लहानपणी ते काढून मोजत बसे. वडिलांना चक्कर यायची. आली की आबकारीचा एक तरुण शिपाई त्यांना धरून घरी आणायचा, एका हातात त्यांचा दंड, दुसऱ्या हातात छत्री. दारातच म्हणायचा, “वहिनी, गुरुजीले घेरी आली उन्हानं.” आई लिंबाचं पाणी द्यायची. ते लिंबू तिने दुपारीच कापून ठेवलेलं असायचं. चक्कर मंगळवारीच यायची. पावसाळ्यातही उन्हानेच यायची.

देवळं मोजणारा, पावलं मोजणारा मी. हे मंगळवार मी कधी मोजले नव्हते. त्या चक्कीवर मी वीस वर्षं गहू घेऊन जात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जमादारांच्या घरी गेलो. ते खाटेवर बसून सुपात लाखोळीची डाळ निवडत होते.

“जमादार, शाळेमागची बोळ.”

“कोणती बोळ?”

“चक्कीची.”

“तिथं चक्की आहे, बाबूजी.”

“काल एक चष्मेवाला आला होता तुमच्याबरोबर. तो माझा मेव्हणा.”

त्यांचा हात सुपातच थांबला. “तो तुमचा साळा होय?” ते हळू म्हणाले. “चेहऱ्यावरून काही समजलं नाही. म्या कधी असा चुकलो नाही, जी. कोण कोणाचा, ते पाहूनच दाखवतो म्या. चुकलो.”

“तुमचा बिल्ला गेला यापायी.”

“बिल्ला काय, पितळेचा असते.”

“मला सांगायचं होतं. मी लहान नव्हतो.”

“सांगाचं काय त्याच्यात? गुरुजीले घेरी येत होती.” त्यांनी पुन्हा डाळ निवडायला घेतली. “सहाच होत्या, बाबूजी. तुमचा कागद बरोबर आहे.”

मला त्यांचा फार राग आला. आजही येतो. आख्ख्या गावाने मिळून मला काय कळू द्यायचं ते ठरवलं होतं, आणि त्या ठरावाची किंमत या एका माणसाने भरली होती. मी त्यांना म्हटलं, “उठा, चला, मला सातवी दाखवा, आत्ता.” ते उठले नाहीत. मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, अगदी सावकाश, आणि म्हणाले, “तुमच्यासंग नाही जमणार मले.”

मग मी कचेरीत जाऊन नवा अहवाल लिहिला: फेरतपासणी केली, सातही दुकाने दाखवली, आकडे जुळतात. नोकरीत मी लिहिलेली खोटी ओळ ती एकच. सही करताना हात थांबला नाही.

पण एकदा नामंजूर झालेला कागद पुन्हा मंजूर करून घेणं म्हणजे काय, हे ज्याने कचेरी पाहिली आहे त्याला सांगायला नको. आधीचा अहवाल चुकीचा का, याचा खुलासा मागवला. खुलासा दिला. खुलाशावर शेरा आला. साहेब बदलले. नव्या साहेबांनी विचारलं, दारूची दुकानं दाखवायला बिल्ला कशाला? त्यांना मी तीन वेळा समजावलं. चौदा महिने गेले. प्रत्येक वेळी मला माझ्याच पहिल्या अहवालाचं अक्षर आडवं येत होतं. विश्वसनीय नाही, असं मी फार ठसठशीत लिहिलं होतं.

मधल्या काळात जमादारांनी पाहुण्यांना फिरवणं सोडलं. स्टँडवर दिसत, पण बस आली की बाजूला होत. चष्मेवाल्यानंतर त्यांचा चेहऱ्यांवरचा भरवसा उडाला होता, असं मला वाटतं. पुढे ते चिखल्याला मुलीकडे गेले. जावई मँगनीजच्या खाणीत कामाला होता.

बिल्ला आला तो १९८० च्या उन्हाळ्यात. पितळेचा, गोल, वर ‘वाटाड्या’ असं कोरलेलं. मी दुसऱ्याच दिवशी निघालो. भंडारा, तुमसर, तिथून खाणीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून चिखला. मजुरांच्या चाळीत घर सापडलं. दारात मुलगी भांडी घासत होती. मी नाव आणि गाव सांगितलं.

“बाबा गेले,” ती म्हणाली. “तीन आठवडे झाले. तुमाले कोणी कळवलं नाही का?”

नव्हतं कळवलं. कोण कळवणार?

खोलीत खुंटीवर खाकी कोट होता. मी बिल्ला तिच्या हातात दिला. तिने तो पदराने पुसला, कोटाची ती दोन भोकं शोधली, बिल्ल्याची तार त्यांतून घातली आणि मागून पिळली. भोकं बरोबर जुळली. तिने तांब्याभर पाणी आणलं आणि खाट पुढे ओढली.

“उभे काहून? बसा ना जी.”

“उभ्यानंच बरं,” मी म्हटलं.

मग मी खिशातून चार नाणी काढली. पंचवीस पैशांची चार, वेगळ्या पुडीत बांधून ठेवलेली.

“हे कायचे?”

“सातव्या कलालीचे. तुमच्या बाबांनी चार वेळा परत केले होते.”

“दाखवली नसंल म्हणून परत केले असतील. मंग आता कायले देता?”

“दाखवली,” मी म्हटलं.

तिने नाणी मोजली, दोनदा, आणि कनवटीला लावली. दिलेली रक्कम एक रुपया. घेणारी, जमादारांची मुलगी. पावती घेतली नाही.